तुझा हात कधीच थरथरला नव्हता

कुमुद,

परवा तुझ्या शोकसभेत ते म्हणाले की शेवटच्या काळात तुझा हात थरथरायला लागला होता.

मी पहिल्याच रांगेत बसलो होतो. बोलत होता त्या काचेच्या हॉस्पिटलचा डायरेक्टर. त्याने हे निंदा म्हणून सांगितलं असतं तर एक वेळ मी सोसलं असतं. त्याने ते स्तुती म्हणून सांगितलं. हाताला कंप सुटतोय हे ध्यानात येताच डॉक्टर कुमुद यांनी स्वतःहून शस्त्रक्रिया बंद केली, असा प्रामाणिकपणा आताच्या पिढीला कुठून दिसणार, असं म्हणाला. लोकांनी माना डोलावल्या. एकदोघींनी पदर डोळ्यांना लावला. तुला जाऊन पंधरवडासुद्धा झाला नाही, आणि तुझ्या फोटोला हार घालून, तुझ्याच माणसांसमोर, त्यांनी तुझे हात काढून घेतले.

मी उठलो. काय बोललो ते सांगतो, पण आधी मला माझ्यापाशीच सगळं नीट मांडू दे. मंजिरी म्हणते, बाबा, इंग्रजीत लिहा म्हणजे मलाही वाचता येईल, माझ्या मुलांनाही. तिला मराठी अजून अक्षर लावून लावून वाचावी लागते आणि तिकडे अमेरिकेत तीही सुटत चाललीय. पण तुझ्याशी मी इंग्रजीत कधी भांडलो नाही. आता कसा भांडू?

तुझ्या हातांबद्दल माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? उदगीरकडच्या शेतकऱ्याच्या घरातली तू. इथे हैदराबादला जामबागेतल्या मराठी शाळेत माझ्या बहिणीच्या वर्गात होतीस, तेव्हा सगळ्या वर्गाच्या पेन्सिलींना टोकं तूच करायचीस, म्हणे ब्लेडने अशी टोकं दुसऱ्या कुणाला जमत नव्हती. मेडिकलला गेल्यावर तू सर्जरी मागितलीस. प्रोफेसर समजुतीने म्हणाले की मुलींनी बाळंतपणाचा विभाग घ्यावा, तिथे त्यांचं बरं जमतं. तू म्हणालीस, "पोट सगळ्यांनाच असतं, सर." हे तू मला लग्नाआधी सांगितलं होतंस, आणि खरं सांगायचं तर लग्नाला होकार मी त्याच वाक्याला दिला.

मग ती सगळी वर्षं सरकारी हॉस्पिटलात. कॉलेजातले माझे तास संपवून मी तुला न्यायला यायचो आणि वॉर्डाच्या बाहेर बाकावर बसून ऐकत राहायचो. कुणाशी तेलुगू, कुणाशी आपली हैदराबादी. "एमी कादु अम्मा," असं म्हणत तू म्हातारीच्या पोटावर हात ठेवायचीस, काही होत नाही आई, आणि म्हातारीचा आवाज खरोखर खाली यायचा. नुमाइशच्या प्रदर्शनाला नामपल्लीच्या मैदानात गेलो की दर वर्षी कुणीतरी तुला ओळखायचं. एका वर्षी तर एक दणकट माणूस भेळेच्या गाड्यासमोर सदरा वर करून उभा राहिला. बघा डाक्टरनीसाब, आपका टाका, कितना साफ है. मंजिरी लाजून माझ्या मागे लपली. तू मात्र चष्मा सावरून वाकलीस, व्रण नीट पाहिलास आणि त्याला विचारलंस, वजन कैकु बढ़ाया?

त्या सरकारी हॉस्पिटलात पुढे पुढे काय व्हायला लागलं, ते मी तुझ्या चेहऱ्यावर वाचत होतो. नोकरभरती थांबली. सिस्टर निवृत्त झाली की तिची जागा रिकामीच राहायची. टाक्यांचा धागा संपला म्हणजे रुग्णाच्या भावाला चिठ्ठी देऊन बाहेरच्या दुकानात पाठवायचं. उपकरणं निर्जंतुक करायचं यंत्र बिघडलं म्हणून तू ऑपरेशनं थांबवलीस, तेव्हा वरून विचारणा यंत्राची झाली नाही, तुझी झाली. बाहेर सगळं नवं येत होतं. घरोघरी केबल, रस्त्यावर नव्या गाड्या, परदेशी यंत्रांवरची जकात उतरलेली. सरकारजवळ आपल्या हॉस्पिटलला द्यायला धागा नव्हता, पण गरिबांसाठी खाटा राखून ठेवू असं सांगणाऱ्यांना द्यायला जमीन होती. त्या जमिनीवर काचेची इमारत उभी राहिली. गरिबांच्या त्या खाटा मी अजून शोधतोय.

तिथलं बोलावणं तुला आलं तेव्हा आपण कडाकडा भांडलो. मी म्हणालो, ते हॉस्पिटल नाही, हॉटेल आहे, आणि तू तिथे जाणार म्हणजे ज्यांच्यावर तुझा हात तयार झाला त्या गरिबांना सोडून जाणार. तू शांतपणे भाजी निवडत होतीस. दुर्बिणीने पित्ताशय काढायचं यंत्र शहरात फक्त तिथे आलं होतं. सरकारी हॉस्पिटलात ते तुझ्या हयातीत येणार नव्हतं. तू म्हणालीस, "तुमच्या फिजिक्सचं असं एखादं यंत्र तुमच्या लॅबमध्ये न येता शेजारच्या गल्लीत आलं असतं, तर तुम्ही गेला नसतात?"

या प्रश्नाचं खरं उत्तर मला माहीत होतं.

पन्नाशी ओलांडलेली बाई नव्याने शिकायला बसली. पोट न उघडता, लहान छिद्रांतून लांब दांड्याची हत्यारं घालायची आणि डोळे पडद्यावर ठेवायचे. हात एकीकडे, नजर दुसरीकडे. तुझ्या वयाचे कितीतरी नावाजलेले सर्जन हे बघून मागे सरले. तू बिस्किटांचं एक मोठं खोकं आणलंस, त्याला भोकं पाडलीस, आत मोसंबीची फोड ठेवलीस. समोर आरसा. मी विजेरी धरायची. तू आरशात बघत त्या हत्यारांनी फोडीवरचं पातळ साल सोलायचीस, आतला एक दाणाही फुटू न देता. पहिले काही दिवस खोक्यात नुसता रस साचायचा. मग कमी कमी होत गेला. पुढे पुढे तू सोललेली फोड मला खायला द्यायचीस, आणि मी ती खाताना तू माझ्या तोंडाकडे अशी बघायचीस जसा काही तुझा निकाल लागणार आहे.

हे हात थरथरले म्हणे.

श्रीधरला तूच तिथे आणलंस. सरकारी हॉस्पिटलातला तुझा विद्यार्थी, नलगोंड्याकडचा, हुशार, थोडा घाईचा. रविवारी आपल्याकडे जेवायला यायचा. तुला मॅडम म्हणायचा, मला सार. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी त्याला इतकी आवडायची की तू त्याच्यासाठी डबा वेगळा काढून ठेवायचीस. तू त्याला दुर्बिणीचं काम शिकवलंस, आणि शिकवताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचीस, जेवताना ऐकून ऐकून ती मलाही पाठ झाली होती. जोवर नळी कुठली ते दिसत नाही, तोवर कापायचं नाही. संशय आला तर सरळ पोट उघडायचं, त्यात कमीपणा नाही.

सुरुवातीची वर्षं चांगली गेली, हे मी नाकारत नाही. तुला काम मिळालं, काम करायला नीट साधनं मिळाली, आणि तू घरी येताना गुणगुणायचीस. मग पॅकेजं आली. निरोगी माणसाने यावं, डोक्यापासून पायापर्यंत तपासून घ्यावं आणि काहीतरी घेऊन घरी जावं. सोनोग्राफीत कुणाच्या पित्ताशयात खडा दिसला, जो त्याला आयुष्यभर त्रास देणार नव्हता, की त्याला घाबरवायचं. तू घाबरवायची नाहीस. तू त्यांना घरी पाठवायचीस. महिन्याच्या बैठकीत तुला विचारलं जायचं की तुमच्याकडून इतके लोक परत का जातात. तू सांगायचीस, त्यांना आजार नाही म्हणून जातात. तू मला ही गोष्ट हसत सांगायचीस. मला हसू येत नसे.

नसीमबानो अशीच आली होती. बेगम बाजारात तिच्या नवऱ्याचं, इब्राहिमभाईंचं, भांड्यांचं दुकान. ती माणसं तुझ्या मागोमाग सरकारी हॉस्पिटलातून तिथे आलेली, कारण इब्राहिमभाईंच्या आईचं ऑपरेशन तू केलं होतंस. नसीमला जेवणानंतर जळजळायचं. सोनोग्राफीत एक खडा दिसला. तू तिला तपासून सांगितलंस की दुखणं आम्लपित्ताचं, खड्याचं नाही, तो तिथे निवांत बसलाय, त्याला बसू दे. तिखट कमी कर, या गोळ्या घे. ती बाई खूश होऊन गेली.

आणि मग आपण तुझ्या भाचीच्या लग्नाला लातूरला गेलो. आपण तिथे पंगती उठवत होतो तेव्हा इकडे नसीमला कुणीतरी पुन्हा बोलावून घेतलं. खडा फुटू शकतो, विष पसरू शकतं, असं काय काय सांगितलं. डॉक्टर कुमुद बाहेरगावी आहेत, पण त्यांचेच विद्यार्थी आहेत, असंही सांगितलं. तुझं नाव वापरलं, कुमुद. त्या नावावर ती बाई टेबलावर झोपली. आणि श्रीधरने नळी कापली. पित्ताशयाची नव्हे. यकृतातून सगळं पित्त आतड्यात नेणारी मोठी नळी.

आपण परतलो त्या दिवशी बॅग न उघडताच तू हॉस्पिटलात गेलीस. नसीम हळदीसारखी पिवळी पडली होती. तू तिचे डोळे पाहिलेस, रिपोर्ट पाहिले आणि तुला कळलं. श्रीधर बाहेर भिंतीला टेकून उभा होता. तू त्याला काही बोलली नाहीस, असं तूच मला सांगितलंस. बोलायला नंतर वेळ होता.

डायरेक्टरने तुला खोलीत बोलावलं. तो स्वतः हृदयाचा डॉक्टर, अमेरिकेहून परतलेला, बोलायला अतिशय गोड. म्हणाला, अशी गुंतागुंत जगात सगळीकडे होते, या बाईची शरीररचनाच जरा वेगळी होती असं नातेवाइकांना सांगू, आणि दुसरं ऑपरेशन आपण करून देऊ. तू म्हणालीस की रचना वेगळी नव्हती. तो म्हणाला की हे त्यांना कुठे कळणार आहे. त्यावर तू उठून बाहेर आलीस.

कॉरिडॉरमध्ये इब्राहिमभाई बसले होते. तू त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसलीस. पुढे ते स्वतः मला हे सांगायला घरी आले होते, म्हणून मला शब्द न् शब्द माहीत आहे. तू म्हणालीस, "भाईसाब, ऑपरेशन की जरूरत नै थी. और नली हमारे हाथ से कटी."

हमारे. श्रीधरके नाही म्हणालीस. हमारे.

इब्राहिमभाईंजवळ त्यांचा भाऊ होता, तो उसळला, तुझ्या अंगावर धावून आला. त्यांनी त्याला मागे खेचलं. मग त्यांनी तुला विचारलं की आता ती वाचेल का. तू सांगितलंस की दुसरं ऑपरेशन मोठं आहे, पोट उघडावं लागेल, आतड्याचा तुकडा वर आणून यकृताच्या नळीला जोडावा लागेल, आणि त्यांना दुसरीकडे न्यायचं असेल तर तू स्वतः तिकडे बोलून देशील. ते म्हणाले, "आप करींगे तो करो. दुसरे कू हाथ लगाने नक्को देओ."

ज्याला खरं सांगितलं, त्याने भरवसा ठेवला. ही एवढी साधी गोष्ट त्या काचेच्या इमारतीत एकालाही समजली नाही, म्हणून माझा जीव अजून जळतो.

ऑपरेशनला तू श्रीधरला समोर उभं केलंस. बाकीच्यांना वाटलं तू त्याला शिक्षा करतेस. तू मला म्हणालीस, त्याने आज पाहिलं नाही तर तो पुन्हा कधी पोटाला हात लावू शकणार नाही. सकाळी तू आत गेलीस ती दिवे लागायच्या सुमारास बाहेर आलीस. गव्हाच्या काडीएवढी नळी, तीही सुजलेली, आणि त्यावर केसासारख्या धाग्याचे टाके. नसीम वाचली. तिला अधूनमधून थंडी वाजून ताप येतो, पथ्य सांभाळावं लागतं, निरोगी बाईला आयुष्यभराचं दुखणं लागलं. पण ती आहे. परवा सभेला आली होती, मागच्या खुर्च्यांवर बसली होती.

तुला खरं बोलल्याबद्दल काढता येत नव्हतं. इब्राहिमभाई ओरडले नव्हते, कोर्टात गेले नव्हते, त्यांनी उलट तुझे आभार मानले होते. मग तुझ्या हाताची कुजबुज सुरू झाली. आधी नर्सेसमध्ये. मग भूल देणाऱ्या डॉक्टरांमध्ये. मॅडमचं वय झालं, त्या दिवशी इतका वेळ लागला, हात कापत होता म्हणे. तुझे ऑपरेशनचे वार एकेक करून दुसऱ्यांना गेले. तुझ्याकडे येणाऱ्यांना खालीच सांगू लागले की त्या आता फक्त तपासतात.

तू बैठकीत सरळ विचारलंस. माझा हात कुणी कापताना पाहिलाय, त्याने इथे सांगावं. कुणी बोललं नाही. डायरेक्टर श्रीधरकडे वळला, तू तर समोर होतास, तू सांग. आणि श्रीधर म्हणाला की माझं लक्ष ऑपरेशनच्या जागेवर होतं, हातांकडे नव्हतं.

घरी येऊन तू मला हे सांगितलंस तेव्हा चप्पलही काढली नव्हतीस. "ऑपरेशनच्या जागेवर हातच असतात हो," असं म्हणालीस आणि मटकन खाली बसलीस. इतक्या वर्षांत मी तुला असं बसलेलं पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तू राजीनामा दिलास. आणि तिथून सुरू झालं आपलं ते भांडण, जे तू अर्धं टाकून निघून गेलीस.

मी म्हणत होतो, बोल. वर्तमानपत्रात सांग, डॉक्टरांच्या संघटनेत सांग. माझ्या कॉलेजात साध्या बदल्यांसाठी आम्ही गेटवर बसलो होतो, आणि तू इतक्या मोठ्या अन्यायावर घरात पुदिना निवडत बसतेस. तुझं म्हणणं ठरलेलं. बोलले तर त्या हॉस्पिटलला खरचटणारही नाही, ते श्रीधरला पुढे करतील, आणि तो पोरगा संपेल. त्याचा हात चांगला आहे, पुढे हजार माणसांना उपयोगी पडेल. मी विचारायचो, आणि तुझा हात? तू म्हणायचीस, माझा हात माझ्याजवळ आहे. मला जिथे सांगायचं होतं तिथे मी सांगितलं, ज्याची बायको होती त्याला.

मी म्हणायचो, हा मोठेपणा नाही, हा भित्रेपणा आहे. तू म्हणायचीस, असेल.

हे "असेल" ऐकलं की मी पेपर उघडायचो, तू आत निघून जायचीस. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तेच. मला वाटायचं, अजून वेळ आहे, एक दिवस तुला पटवीन. तुला वाटत असेल, एक दिवस यांना पटेल. आणि त्या दुपारी तू पंख्याखाली आडवी झालीस, ती उठलीच नाहीस. आता दोघांपैकी कुणाचं बरोबर, हे ठरवायला घरात मी एकटा.

राजीनाम्यानंतर काचिगुड्याच्या त्या धर्मादाय दवाखान्याने तुला घेतलं नसतं तर? त्यांच्याकडे ना पडदा, ना दुर्बीण. एक टेबल, एक दिवा, आणि भूल द्यायला आठवड्यातून ठरलेल्या वारी येणारा डॉक्टर. तू तिथे हर्निया केलेस, गाठी काढल्यास, जळालेल्या बायकांची कातडी शिवलीस. जुन्या शहरातून रिक्षा भरभरून बायका यायच्या, कारण बाई डॉक्टर पोट बघते. ज्या आठवड्यात तू गेलीस त्याच आठवड्यात एका हमालाचा हर्निया केला होतास. तो परवा सभेत काठी टेकत आला होता, टाके अजून काढायचे होते. आणि त्याच सभेत तो गोड माणूस सांगत होता की तुझी शस्त्रक्रिया कधीची बंद झाली.

मराठी मंडळींनी सभा ठेवली होती, त्यांना वाटलं मोठ्या हॉस्पिटलचा डायरेक्टर आला तर सभेची शोभा वाढेल. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही, त्यांना काय माहीत? म्हणून मी उठलो. माईकपाशी गेलो नाही, जागेवरूनच बोललो. मी म्हणालो, माझ्या बायकोचा हात कधीच थरथरला नाही. तिने शस्त्रक्रिया थांबवली नाही. ती मेली त्या आठवड्यापर्यंत करत होती, तिचा शेवटचा रुग्ण तो तिथे काठी घेऊन बसलाय. तुमच्या हॉस्पिटलात एका बाईची नळी विनाकारण कापली गेली, हिने ती जोडली आणि तिच्या नवऱ्याला खरं सांगितलं, म्हणून तुम्ही हिच्या हाताला कंप लावला.

अध्यक्ष खुर्चीतून अर्धे उठले होते, ते तसेच राहिले. डायरेक्टर माझ्याकडे अशा दयेने बघत होता, जणू दुःखात माणूस काहीही बोलतोच. ती दया मला सहन झाली नाही. श्रीधर दुसऱ्या रांगेत होता. आता तो तिथे विभागप्रमुख आहे, केस पिकायला लागलेत. मी त्याला म्हणालो, "श्रीधर, त्या दिवशी तू समोर होतास. इथे सांग."

त्याने मान खाली घातली.

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. नसीमबानो उभी राहिली होती. तिला मराठी येत नाही, पण सगळं कळलं होतं. ती म्हणाली, "वो नली मेरी थी. डाक्टरनीसाब के हाथ से मैं जिंदी हूँ." एवढंच बोलून ती बसली. इब्राहिमभाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. डायरेक्टरला तेवढ्यात काहीतरी काम आठवलं आणि तो निघून गेला. मग कुणीतरी दोन मिनिटं शांतता जाहीर केली, जणू ती आधीपासून नव्हतीच.

त्या बाईचे मी उपकार कसे फेडू? मला भांडून जे इतक्या वर्षांत जमलं नाही, ते तिने दोन वाक्यांत केलं. आणि तुझंही खरंच ठरलं की काय, कुमुद? ज्याला सांगायचं त्याला तू सांगितलं होतंस, आणि त्याच घरातलं माणूस उभं राहिलं. पण म्हणून माझा राग गेला असं समजू नकोस. सभेतल्या कितीजणांच्या डोक्यात नसीम राहील आणि कितीजणांच्या तो थरथरणारा हात? लोक घरी जाऊन काय म्हणाले असतील, ते मला माहीत आहे. म्हणाले असतील, बिचारे सर, फार मनाला लावून घेतलंय.

काल संध्याकाळी श्रीधर घरी आला. मंजिरी बाजारात गेली होती. तो दारातच उभा राहिला, मी बस म्हणालो नाही तरी थोड्या वेळाने आपणच बसला. त्याच जागी, जिथे रविवारी बसायचा. रडला. म्हणाला की मॅडमचा हात त्या दिवशी दगडासारखा स्थिर होता, त्याने असा हात पुन्हा पाहिला नाही, आणि अजूनही अवघड ऑपरेशन असलं की तो हात त्याच्या डोळ्यांसमोर येतो. म्हणाला की तो तेव्हा घाबरला होता. नोकरी, लहान मुलं, नवं घर.

मी त्याला म्हणालो की हे मला कशाला सांगतोस, मला ठाऊकच आहे. जिथे खोटं बोलला होतास तिथे जाऊन सांग. त्या बैठकीच्या खोलीत, त्याच माणसांसमोर. तो म्हणाला, आता मॅडम तर गेल्या, आता सांगून काय उपयोग. मी म्हणालो की ती होती तेव्हाही तू सांगितलं नव्हतंस.

मग त्याने विचारलं, "सार, मॅडम ने मेरे कू माफ कर दिए थे ना?"

मी म्हणालो, "उनोने किए होंगे. मैं नै किया."

तो उठला. पाया पडायला वाकला, मी पाय मागे घेतले. जेवणाची वेळ झाली होती, स्वयंपाकघरात मंजिरीने भाकरी करून ठेवल्या होत्या, त्याला वास आला असणार. मी त्याला थांब म्हणालो नाही. तो जिना उतरू लागला, सावकाश, मध्येच एकदा थांबलाही.

तू असतीस तर आतून हाक मारली असतीस. श्रीधर, जेवून जा, एवढंच म्हणाली असतीस, आणि माझ्या सगळ्या रागावर पाणी पडलं असतं. मी दारात उभा राहिलो. खालचं फाटक वाजेपर्यंत उभा राहिलो. घरातून कुणी हाक मारली नाही.